किलोला दहा माणसं

मंडळी, रायपूरच्या गोल बाजारात लग्नाची यादी घेऊन कधी गेला आहात का? मालवीय रोडला रिक्षा सोडायची, गर्दीत अंग चोरत आत शिरायचं, बांगड्या, पूजेचं सामान, पितळी भांडी, मसाले असं सगळं ओलांडत आपल्या नेहमीच्या किराणा दुकानाशी पोचायचं. गेल्या आठवड्यात मी गेले होते. भाचीचं लग्न जूनच्या मध्यावर आहे. दुकानाचे शेठजी आता ऐंशीच्या घरात आहेत. गल्ल्यावर मुलगा बसतो, पण लग्नाच्या याद्या अजून शेठजीच सांगतात. पाचशे माणसं म्हटल्यावर त्यांनी एक-दोन प्रश्न विचारले, डोळे अर्धवट मिटले आणि तांदूळ इतके, तूरडाळ इतकी, तेल, साखर, बेसन इतकं असं धडाधड सांगत सुटले. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. मुलगा नुसता लिहून घेत होता.

मी गणिताची मास्तरीण होते, त्यामुळे मला असल्या गोष्टींचं कौतुक जरा जास्त. आता विचार करा, पाचशे माणसांच्या जेवणाचा खरा हिशेब मांडायचा तर काय काय लागेल? प्रत्येकाचं वय, भूक, सकाळचा नाश्ता, मधुमेह, उपास, पंगत किती वाजता बसणार, त्या दिवशी ऊन किती. पाचशे माणसं आणि प्रत्येकाच्या वीस गोष्टी. हे सगळं गोळा करून हिशेब पुरा होईपर्यंत नवरी सासरी जाऊन पहिल्या दिवाळीला माहेरी येईल. शेठजींनी यातलं जवळजवळ सगळं सोडून दिलं आणि एक सूत्र हातात ठेवलं: पुऱ्या, जिलबी, भाज्या असतील तर तांदूळ किलोला दहा माणसं.

नेमकं हेच काम जगभरातले गणिती आणि संगणकवाले रोज करत असतात. मोठ्ठं, अचूक, पण गोगलगायीच्या गतीचं मॉडेल घ्यायचं, त्यातलं काय सोडलं तर चालेल ते शोधायचं आणि उत्तर वेळेत मिळवायचं. आज त्याबद्दलच बोलू या, कारण माझ्या पर्समधल्या यादीत तांदळाच्या खाली दुसरी एक ओळ आहे: मंडपावर ताडपत्री घ्यायची का? म्हणजे, त्या दिवशी पाऊस येईल का?

हे उत्तर आपल्याला फोनवर मिळतं. एक ढग, त्याखाली दोन थेंब आणि शेजारी ६० टक्के. ते तिथे येतं कसं? संगणकात एक खोटी पृथ्वी तयार करतात. तिच्यावरच्या हवेचे चौकोनी ठोकळे पाडतात, जणू बर्फीच्या वड्या. प्रत्येक वडीत या क्षणी तापमान किती, दाब किती, वारा कुठे, ओल किती हे भरतात. मग भौतिकशास्त्राची समीकरणं लावून पुढच्या काही मिनिटांनी प्रत्येक वडीचं काय होईल ते काढतात. मग त्याच्या पुढची काही मिनिटं. असं करत करत उद्या, परवा, दहा दिवस. यालाच सिम्युलेशन म्हणतात. खऱ्या हवेच्या आधी खोटी हवा पळवून बघायची.

वड्या जितक्या लहान, तितकं चित्र स्पष्ट. मग करा की लहान! पण इथेच मेख आहे. १२ किलोमीटरची वडी ६ किलोमीटरची केली, तर लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, म्हणजे चौपट वड्या. शिवाय वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. का ते सांगते. समजा तुम्ही गोल बाजारातल्या दहा पावलांच्या बोळाचा मिनिटाला एक फोटो काढताय. दोन फोटोंच्या मध्ये माणूस या टोकानं शिरून त्या टोकानं बाहेर पडलेलाही असेल, तुम्हाला तो दिसलाच नाही. बोळ लहान तर फोटो भराभर काढायला हवेत. तसंच वाऱ्याचं. तो एका पावलात वडी ओलांडून जाता कामा नये. म्हणजे चौपट गुणिले दोन, आठपट काम. समजा आधी तीन तास लागत होते, तर आता चोवीस लागतील. उद्याचा अंदाज उद्या संध्याकाळी हातात! शेवग्याच्या शेंगा महाग झाल्याची बातमी आमटी खाऊन झाल्यावर कळावी, तसं.

अंदाजाचं काम बाकी गणितापेक्षा याच बाबतीत वेगळं आहे. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावं लागतं.

ही कल्पना संगणकापेक्षाही जुनी आहे. ल्युईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. तिथे मधल्या वेळात तो हातानं हवामानाचा अंदाज मांडत बसे. दिवस निवडला होता २० मे १९१० चा, म्हणजे होऊन गेलेलाच. त्यानं समीकरणं पुरी घेतली, फारसं काही वगळलं नाही. फक्त सहा तासांचा, तोही दोनच ठिकाणांचा अंदाज, आणि त्याला सहा आठवडे लागले. मधे लढाईच्या धुमाळीत त्याचे कागद हरवले, ते काही महिन्यांनी कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ साली त्यानं हे सगळं पुस्तकात छापलं आणि लिहिलं की जगाच्या हवामानाच्या बरोबरीनं धावायला ६४,००० माणसं एका भल्यामोठ्या दालनात बसून आकडेमोड करायला लागतील.

आणि इतकं करून उत्तर? सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढेल. भल्याभल्या चक्रीवादळातही सहा तासांत इतका बदल होत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. रिचर्डसननं आपलं हे सपशेल चुकलेलं उत्तर जसंच्या तसं छापलं. मला हा माणूस फार आवडतो.

चूक कुठे झाली? आमच्या बुढा तलावाच्या काठी उभ्या राहा आणि पाण्यात एक खडा टाका. भराभर लहरी उठतील आणि काठावर आपटून विरून जातील. त्याच पाण्यावर एखादं पान सावकाश एका दिशेनं सरकत असेल. हवेतही तसंच असतं. पाऊसपाणी आणणारी मोठी चाल संथ असते आणि तिच्यावर चपळ लहरींचा थरथराट चालू असतो. रिचर्डसनच्या सुरुवातीच्या आकड्यांत बारीकशी विसंगती होती. तिनं या चपळ लहरी भडकवल्या आणि त्या लहरींच्या गोंगाटात पानाची चाल बुडाली.

अमेरिकेत ज्यूल चार्नी यांनी इथे हात घातला. त्यांनी समीकरणं अशी सोपी केली की चपळ लहरी त्यांत उठूच शकत नाहीत. फक्त पान, लहरी नाहीत. १९५० च्या मार्चमध्ये चार्नी, फ्योरटॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या गटानं एनिअ‍ॅक या खोलीभर पसरलेल्या संगणकावर हे मॉडेल चालवलं. सगळं वातावरण एकच थर मानलं. उत्तर अमेरिका आणि आसपासचा भाग अवघ्या २७० ठिपक्यांत बसवला. दोन ठिपक्यांत अंतर ७३६ किलोमीटर, म्हणजे रायपूर ते नागपूरच्या अडीचपट. पाऊस नाही, ढग नाहीत, डोंगर नाहीत. आणि चपळ काही उरलंच नसल्यामुळे वेळेची पावलं तासातासांची, प्रसंगी तीन-तीन तासांची टाकता आली. २४ तासांच्या अंदाजाला साधारण २४ तासच लागले. म्हणजे खऱ्या हवेशी कशीबशी बरोबरी झाली, पण अंदाज हवामानासारखा दिसला. रिचर्डसनपेक्षा कितीतरी कमी गोष्टी हिशेबात घेऊन!

पुढची गंमत तुमच्या हातातल्या फोनची आहे. २००८ साली पीटर लिंच आणि ओवेन लिंच यांनी एनिअ‍ॅकचा तोच अंदाज नोकिया ६३०० या साध्या बटणांच्या मोबाईलवर चालवला. मुख्य आकडेमोड एका सेकंदाच्या आत संपली. त्यांनी त्या फोनला नाव दिलं फोनिअ‍ॅक. तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे वाचताय तो त्या नोकियापेक्षा कैक पटींनी वेगवान आहे. तरी आजचं पुरं मॉडेल त्याच्यानं पेलणार नाही, कारण संगणक वाढला तशी आपली हावही वाढली. तेव्हा ७३६ किलोमीटरवर समाधान होतं, आता आपल्याला आपल्या पंचायतीपुरता पाऊस हवा असतो.

तसं मॉडेल आपल्याकडे आता आहेही. पुण्याला पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिथे तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम २६ मे २०२५ ला सुरू झाली. आधी १२ किलोमीटरची वडी होती, आता आपल्या पट्ट्यात ६ ची. मघाचं आठपट काम इथे समोर उभं राहिलं. त्यासाठी संस्थेत आधीच्या ‘प्रत्युष’च्या जागी ‘अर्क’ नावाचा नवा महासंगणक आला. पण नुसत्या दांडग्या यंत्रानं भागत नाही, जाळीही हुशारीनं विणावी लागते.

विणावी हा शब्द मी मुद्दाम वापरला. लोकरीची टोपी विणली असेल तर तुम्हाला हे चटकन कळेल. कानापासून शेंड्याकडे जाताना टाके कमी करत न्यावे लागतात, नाहीतर वर चुण्यांचा गोळा होतो. पृथ्वीच्या जुन्या जाळीत नेमका असा गोळा व्हायचा. विषुववृत्तावर जितके ठिपके, तितकेच ध्रुवाजवळच्या इवल्याशा वर्तुळात. तिथे ठिपक्यांची नुसती दाटी, काम भरमसाठ आणि उपयोग शून्य. नव्या जाळीत ध्रुवाकडे जाताना प्रत्येक ओळीत चार-चार ठिपके कमी करतात. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “अगं, मग यात नवीन काय?”

तरीही ढग राहतोच. पावसाचा एखादा ढग किलोमीटर-दोन किलोमीटरचा, आणि वडी सहाची. वडीच्या आत कुठे ढग आहे आणि कुठे ऊन, हे मॉडेलला दिसत नाही. मग तिथे सूत्र लावतात: इतकी ओल, इतकी उष्णता, वर चढणारी हवा इतकी, तर या वडीत सरासरी इतका पाऊस. म्हणजे पुन्हा किलोला दहा माणसं! जगातल्या मोठमोठ्या मॉडेलांच्या पोटात असे शेठजी बसलेले असतात. कुणी ढगांचे, कुणी मातीच्या ओलीचे, कुणी झाडांच्या सावलीचे.

(थोडं विषयांतर. संगणक नव्हते तेव्हा आपल्याकडे खरीखुरी छोटी नदी बनवत. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे धरणांची, बंदरांची, नद्यांची लहान प्रतिरूपं मांडून त्यांत पाणी सोडून बघतात. त्यातही काहीतरी सोडावंच लागतं. नदी शंभरपट लहान केली म्हणून वाळूचा कण शंभरपट लहान करता येत नाही. तितका बारीक कण वाळूसारखा वाहत नाही, गाळासारखा चिकटून बसतो.)

आणखी एक युक्ती आहे आणि ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. गोल बाजाराच्या गर्दीचं मॉडेल करायचंय असं समजा. एकेका माणसाच्या मागे धावलात तर मेलात. त्याऐवजी महिनाभर वरून फोटो काढा आणि नीट बघा. गर्दीच्या चाली मोजक्याच निघतील. सकाळी माल उतरवणाऱ्यांची एक, संध्याकाळी घरच्या बायकांची एक, सणाच्या आधी सगळीकडून लोटणारी एक. मग कुठल्याही दिवसाची गर्दी म्हणजे पहिली चाल इतकी, दुसरी इतकी, तिसरी इतकी. हजारो माणसांऐवजी तीन आकडे! अभियंते हेच करतात. पुरं, जड मॉडेल काही वेळा चालवून त्याचे ‘फोटो’ साठवतात, त्यांतून मोजक्या मुख्य चाली काढतात आणि पुढे फक्त त्या चालींचं गणित करतात. लाखो आकड्यांचं काम पाच-पन्नास आकड्यांवर येतं. विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा, पुलाची थरथर, धमनीतलं रक्त, सगळीकडे ही युक्ती चालते. हवामानशास्त्रात ती एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९५६ साली रुळवली.

पण उद्या बाजाराच्या एका बाजूचा रस्ता खोदून ठेवला तर? लोक भलतीकडूनच शिरतील. ही चाल तुमच्या फोटोंत कधी आलीच नव्हती. तुमचे तीन आकडे कितीही फिरवा, ती त्यांतून निघणार नाही. आणि वाईट म्हणजे मॉडेल तुम्हाला तसं सांगणारही नाही. ते मुकाट्यानं, झटपट, चुकीचं उत्तर देईल.

हे मी पुस्तकात शिकले नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात शिकले. तीसेक वर्षं झाली त्याला. बाबा धमतरीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. मी नुकतीच एम.एस्सी. झालेली, त्यामुळे हिशेब सगळा माझ्याकडे. गोल बाजारात याच दुकानात गेले. चारशे माणसं सांगितली. शेठजींनी विचारलं, “मेहमान कहाँ के हैं?” मी ठसक्यात म्हटलं, “माणसं ती माणसं! तुम्ही किलोला दहा धरा.” त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि चाळीस किलो तांदूळ तोलून दिला.

लग्नाच्या दिवशी रायपूरची, नागपूरची मराठी मंडळी आली, पुऱ्या आणि जिलब्या खाऊन मुदाभर वरणभात घेऊन उठली. आणि मग बाबांच्या खेड्यातून दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं आली. त्यांच्या शाळेत शिकलेली मुलं, मुलांचे आईबाप, काका, आज्या. छत्तीसगडच्या भातशेतीतली माणसं. त्यांच्याकडे जेवण म्हणजे भात, बाकी सगळं तोंडीलावणं. दुसऱ्या पंगतीलाच भाताचं पातेलं खरवडलं गेलं. बाबा पंक्तीत हात जोडून उभे होते आणि समोर रिकामी पानं. सकाळपासून पाण्यावाचून राबलेले बाबांचे ते हात मला अजून दिसतात. कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. मामा स्कूटर घेऊन गोल बाजारात धावला. दुपारचं दुकान बंद होतं, शेठजींना घरून उठवलं. त्यांनी कुलूप काढलं, पोती आधीच वेगळी काढून ठेवलेली होती. म्हणाले, “बिटिया ने बताया नहीं था, मैंने सोचा आओगे.”

सूत्र चुकीचं नव्हतं. ते शहरातल्या पंगतीवरून बसवलेलं सूत्र होतं आणि शेठजींना ते ठाऊक होतं. मला नव्हतं.

आता मोठ्या पंगतीची गोष्ट. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्सूनच्या अंदाजासाठी १६ घटकांचं मॉडेल तयार केलं. गोवारीकर पुण्याचे, रॉकेट इंधनात नाव कमावलेले, तेव्हा केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव. पृथ्वीची सगळी हवा पळवून बघण्याएवढे संगणक तेव्हा आपल्याकडे नव्हते. मोठा क्रे संगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिला होता आणि आपल्या वाट्याला धाकटा आला होता. त्यातूनच पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोल्याकडच्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम महासंगणक तयार झाला. अशा काळात गोवारीकरांनी सगळं वातावरण बाजूला ठेवलं. समुद्राचं तापमान, हिमालयातलं बर्फ, ठिकठिकाणचे दाब, वारे असे १६ आकडे घेतले आणि त्यांवरून देशाचा चार महिन्यांचा पाऊस सांगितला. हे मला आजही धाडसाचं वाटतं. आणि मॉडेल रुजलं. वर्तमानपत्रं दर उन्हाळ्यात त्याची वाट बघत. १९८८ पासून २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही आणि मॉडेलही सामान्य पाऊस सांगत राहिलं.

२००२ चा अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१. जुलैत, ऐन पेरण्या-लावण्यांच्या महिन्यात, देशभर जेमतेम निम्मा पाऊस. आमच्या छत्तीसगडात बियासीला पाणी नव्हतं. बियासी म्हणजे पेरलेल्या भातात पाणी साचल्यावर फिरवायची नांगरट. पाणीच नाही तर नांगर कशात फिरवणार?

नंतर तपासलं तेव्हा दिसलं की सोळांतल्या काही घटकांचं पावसाशी असलेलं नातं काळाच्या ओघात सैल पडलं होतं. पाहुणे बदलले होते, सूत्र तेच होतं. २००३ पासून हवामान खात्यानं ८ आणि १० घटकांची नवी मॉडेलं आणली. घटक वाढवले नाहीत, कमी केले, हे लक्षात घ्या. कुणी गोवारीकरांना नावं ठेवतं तेव्हा मला राग येतो. त्यांच्याजवळ जेवढं यंत्र होतं त्यात त्यांनी वेळेवर उत्तर दिलं. खरा घोळ आपण सगळ्यांनी केला. चौदा वर्षं निभावलं म्हणून ते सूत्र आहे हेच विसरून गेलो.

आज हा प्रश्न पुन्हा दारात आला आहे, एआयच्या रूपानं. २०२३ साली गूगलच्या डीपमाइंडनं ग्राफकास्ट नावाचं मॉडेल दाखवलं. ते दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत देतं. त्यात समीकरणं नाहीतच. ३९ वर्षांचं हवामान त्याला दाखवलं, त्यातून ते चाली शिकलं. गोल बाजाराच्या फोटोंसारखंच, फक्त फोटो अफाट. अशीही मॉडेलं आहेत जी अर्धी-अर्धी वाटणी करतात. न्यूरलजीसीएम या मॉडेलात मोठे वारे समीकरणांनी चालतात आणि ढगांसारख्या बारीक गोष्टी शिकलेल्या सूत्रानं. म्हणजे वडीच्या पोटातला शेठजी तेवढा बदलला.

हे प्रयोगशाळेत राहिलेलं नाही. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना मॉन्सून कधी पोचेल याचे एसएमएस पाठवले, त्यामागे न्यूरलजीसीएम आणि युरोपियन केंद्राचं एआय मॉडेल होतं. त्या वर्षी मॉन्सून २४ मे रोजीच केरळात आला आणि मग मधेच अडून बसला. हा थांबा त्या अंदाजांत आला होता, असं मंत्रालयानं नंतर सांगितलं. ज्यांनी कधी शेत बघितलं नाही त्यांना या एका थांब्याचं मोल सांगते. आमच्याकडे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरतात, खुर्रा बोनी म्हणतात. पहिल्या सरीनं बी उगवलं आणि मग पंधरा दिवस पाऊस गडप झाला, तर ते बी गेलं. दुसरं बी घ्यायला पुन्हा सावकार किंवा सोनं.

म्हणून मी एआयवर नाक मुरडत नाही. पण ३९ वर्षांच्या फोटोंत जो पाऊस कधी पडलाच नाही, तो पडायला लागला तर? हवा तापते आहे, पाहुणे पुन्हा बदलत आहेत. जुनी समीकरणं निदान हवेचे नियम जाणतात, नवी मॉडेलं हवेच्या सवयी जाणतात. म्हणूनच महासंगणकांवरची जड मॉडेलं बंद झालेली नाहीत आणि माझ्या मते होऊही नयेत. शिवाय एआय ज्या नोंदींवर शिकलं, त्या तयार करायलाही जुनंच मॉडेल लागलं होतं. शिष्य धावतो आहे खरा, पण गुरूच्या वहीवर.

झटपट मॉडेलाचा एक मोठा फायदा मात्र राहिला सांगायचा. मघाच्या त्याच लॉरेन्झ यांनी १९६१ साली बारा समीकरणांचं एक छोटं मॉडेल मधूनच पुन्हा सुरू केलं. ०.५०६१२७ च्या जागी त्यांनी ०.५०६ टाकलं, शेपटी सोडली. कॉफी पिऊन येईपर्यंत यंत्रातलं हवामान भलतीकडेच गेलं होतं. सुरुवातीचा बारीक फरक पुढे केवढा होतो, हे त्यातून कळलं. सुरुवात अचूक मोजणं कुणालाच शक्य नाही. मग काय करतात? सुरुवात जराजरा बदलून मॉडेल एकदा नाही, पन्नास वेळा चालवतात. मॉडेल हलकं असेल तरच हे जमतं. त्या पन्नासांतल्या तिसांत रायपूरला पाऊस पडला, की फोनवर येतं ६० टक्के. तेव्हा ६० टक्के म्हणजे शहराच्या ६० टक्के भागात पाऊस नाही की दिवसातले ६० टक्के तास पाऊस नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दर जूनमध्ये भांडण होतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

तर, परवाचं सांगायचं राहिलं. शेठजींनी यादी सांगितली त्याआधी पहिला प्रश्न तोच विचारला, “मेहमान कहाँ के हैं?” या वेळी मी कागदच पुढे केला. नागपूर, पुणे, रायपूर, भिलाई, आणि बाबांच्या खेड्यातून एकशे वीस. आता ट्रॅक्टर नाही, बस येणार आहे. त्यांनी खेड्यातल्या माणसांचा तांदूळ वेगळा लावला. मग मी मोबाईल दाखवून ताडपत्रीचं विचारलं. लग्नाला अजून बारा दिवस होते, फोन ४० टक्के म्हणत होता. शेठजींच्या मुलानं आपल्या फोनमध्ये बघितलं, त्याच्यात ५५ होते. दोघांत थोडा वाद झाला. शेठजी म्हणाले, ताडपत्री भाड्यानं मिळते, चार दिवस आधी पुन्हा बघून सांगा, तोवर मी एक बाजूला ठेवतो.